पहाटेची साखर

हुरड्याच्या दिवशी सकाळी सात वाजता रंगुबाईची साखर दोनशे अकरा निघाली.

थोरली सून सत्यशीला तिच्या दंडाजवळ मोबाईल धरून उभी होती. दंडावर रुपयाएवढी पांढरी चकती चिकटवलेली. मिरजगावच्या डॉक्टरांनी ती बारा दिवसांपूर्वी लावली होती. मोबाईल जवळ नेला की अंगातली साखर त्यात दिसायची. रंगुबाई त्या चकतीला चौकीदार म्हणायची. लावून घ्यायला तिने का-कू केलं नव्हतं. उलट दंड पुढे करून डॉक्टरांना म्हणाली होती, "लावा. कोन चोर हाय ते एकदाचं दिसू द्या."

दिवाळीपासून घरात हा चोराचा विषय चालू होता. रंगुबाईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली आणि दोनदा परत पाठवलं, कारण दोन्ही वेळा उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर. दुसऱ्यांदा परत आल्यावर सत्यशीलाने फडताळातला लाडवांचा डबा उघडला, तर तो अर्धा रिकामा. तिने सासूला तोंडावर काही विचारलं नाही. पण काष्टीच्या नणंदेला आणि सुप्याच्या दिराला फोन लावून सांगितलं, की आत्या, म्हणजे सासूबाई, रात्री उठून चोरून गोड खातात, आता ऑपरेशन कसं व्हायचं. पलीकडच्या खोलीत रंगुबाईने ते सगळं ऐकलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे सरळ बोलणं बंद. निरोप गोठ्यातल्या म्हशीमार्फत चालायचे. "आज दवाखान्यात जायचं हाय गं, आवरून बस," असं सत्यशीला म्हशीला सांगायची आणि ओसरीवर बसलेली रंगुबाई लुगडं बदलायला आत जायची. "मला काई कुनाच्या गाडीवर बसायची हौस न्हाई," हेही म्हशीलाच ऐकावं लागायचं. मधल्या मधे अजिनाथ, रंगुबाईचा थोरला मुलगा, खाली मान घालून जेवायचा आणि शेतात निघून जायचा.

आज मात्र सत्यशीलाने आकडा म्हशीला सांगितला नाही. हळूच म्हणाली, "दोनशे अकरा," आणि मोबाईल कमरेला खोचून तिथेच घुटमळली. रंगुबाईला वाटलं, आता काहीतरी बोलणार. पण ती वळली आणि ताकाचा हंडा उचलून निघून गेली.

आदल्या संध्याकाळी रंगुबाईने ज्वारीची एक भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली होती. त्यावर घोटभर पाण्याशिवाय काही नाही. तिने दंडावरच्या चकतीकडे पाहिलं. चौकीदारसुद्धा त्यांनाच सामील, असं तिच्या मनात आलं.

एक गोष्ट मात्र तिला उलगडत नव्हती. चकती लावल्यापासून सत्यशीला तिच्या खोलीच्या दाराशी अंथरूण टाकून झोपत होती. लाडवांवर पहारा, दुसरं काय. पण तिसऱ्या रात्री रंगुबाईला दरदरून घाम फुटला, हातपाय कापायला लागले, हाक मारायलाही तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा कुणी न बोलावता सत्यशीला धावत आत आली. तिने सासूचं डोकं आपल्या छातीशी धरलं आणि चमच्याचमच्याने साखरपाणी पाजलं. थरथर थांबेपर्यंत ती हलली नाही. सकाळी दोघीही त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून रंगुबाईने नुसत्या ताकावर झोपायचं म्हटलं, की सत्यशीला भाकरीचं ताट पुढे ठेवून ते संपेपर्यंत दारात उभी राहायची.

जी बाई साखरेला कुलूप लावते, तीच साखर पाजते. रंगुबाईने या गोष्टीवर बराच विचार केला होता आणि तो अर्धवटच सोडून दिला होता. कारण शुक्रवारी तिने लेकीला फोन करून सांगितलं होतं, "हुरड्याला येशील तवा मला घेऊनच जा. दोन लुगडी भरून ठेवते."

*

पंकजा काष्टीहून निघाली ती सगळं मनाशी ठरवूनच. श्रीगोंद्याला गाडी बदलताना तिने बोलायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. तिघा भावंडांत ती मोठी. बाप गेल्यावर दोन्ही भावांची लग्नं तिने पुढे होऊन लावली. सत्यशीलाला पसंत करणारीही तीच, आणि आज तिला चार शब्द सुनवायचे तर ते आपणच सुनवले पाहिजेत, असं तिला वाटत होतं.

आणखी एक गोष्ट होती, जी तिने कुणाला सांगितली नव्हती. तिचा मुलगा ओम नोकरीला पुण्याला गेल्यापासून काष्टीचं घर फार मोठं वाटायचं. नवरा दिवसभर बाजारात. दुपारी चहा केला तर एकच कप. आई येऊन राहिली तर दोन कप होतील, हा विचार गाडीत तिला पुन्हा पुन्हा सुखावत होता.

मिरजगावच्या फाट्यावर धाकटा वाल्मिक मोटारसायकल घेऊन उभा होता. तो सुप्याच्या एका कारखान्यात कामाला. बायको अश्विनीला त्याने आधीच वस्तीवर सोडलं होतं.

"आक्का, आज भांडन काढू नको," पंकजा मागे बसल्या बसल्या तो म्हणाला.

"मी कशाला काढू? मी आईला न्यायला आले."

"आईची साखर दोनशेच्या खाली येत न्हाई. वैनी काय खोटं बोलती का?"

"म्हनून उपाशी मारायचं? अंधारात भांड्याचा आवाज झाला तरी आईकडंच बघायचं?"

"तू तिथं नेऊन काय करशील? लाडू खाऊ घालशील?"

पंकजाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "तू वैनीच्या बाजूचा. पहिल्यापास्नं."

"मी आकड्याच्या बाजूचा हाय," वाल्मिक म्हणाला. "कारखान्यात आमी तोंडाकडं बघत न्हाई, काट्याकडं बघतो."

ज्वारी दोन्ही बाजूंनी डोक्याएवढी उभी होती. कणसं दुधाने भरून जड झाली होती. गार वाऱ्यावर रान सळसळत होतं, आणि पंकजाचा राग वस्ती येईपर्यंत निम्म्यावर आला. मग ओसरीवर बसलेली आई दिसली. उतरलेलं तोंड, दंडाला ती चकती, शेजारी भरलेली पिशवी. राग पुन्हा होता तेवढा झाला.

*

हुरड्याची जागा दरवर्षी तीच, विहिरीजवळच्या बांधावर. अजिनाथने सकाळीच जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. विस्तव फुलल्यावर त्याने गुळभेंडी ज्वारीची कणसं राखेत खुपसली. धुराला कोवळ्या दाण्याचा गोड वास यायला लागला. अश्विनीने पोत्यावर शेंगदाण्याची चटणी, लसणीचं तिखट, गूळ आणि रेवड्या मांडल्या.

सत्यशीला भाजलेली कणसं तळहातावर चोळून दाणे वेगळे करत होती. तळहात भाजत होते, पण हाताला काम होतं हे बरं होतं. काल संध्याकाळी ती एकटीच डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी बारा दिवसांची रेघ मोठ्या पडद्यावर लावून दाखवली आणि पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. परत येताना तिला स्कूटी रस्त्याच्या कडेला उभी करावी लागली होती. डोळे भरून येऊन पुढचं दिसत नव्हतं.

रात्रीच सांगता आलं असतं, आत्या जाग्या होत्या. पण तिने चोरीचा आळ चारचौघांत घातला होता, फोन करकरून. तो एकांतात काढून घेणं तिला पटेना. उद्या सगळे जमतील, तेव्हाच बोलायचं, असं ठरवून ती झोपली होती. आता सगळे जमले होते आणि तिची जीभ उचलत नव्हती.

पहिलं पात्र भरून तिने वाल्मिककडे दिलं, दुसरं नणंदेकडे. पंकजाने ते खाली ठेवलं.

"मी खायच्या आधी बोलते," पंकजा म्हणाली. "अजिनाथ, तूही ऐक. आईला मी आज काष्टीला नेनार. तिनंच बोलावलंय मला. पिशवी भरली हाय."

अजिनाथने आगटीवरून मान वर केली. "आई? तू बोलावलं?"

"व्हय," रंगुबाई म्हणाली.

"या वयात माणूस सुखानं दोन घास खाईल का चोरावानी बसंल?" पंकजाचा आवाज चढला. "सत्यशीला, तुला मी पसंत केलं ते तुझं मन बघून. आमच्या आईनं अठरा हंगाम ऊस तोडला. पोटाला फडकं बांधून आमाला वाढवलं. तिला तू दोन लाडवांसाठी चोर ठरवलं. दारात झोपून पहारा करती म्हनं."

"आक्का, थांब जरा," वाल्मिक म्हणाला. "साखर चढती हे तर खरं हाय ना. आज किती होती, वैनी?"

"दोनशे अकरा," सत्यशीला म्हणाली.

"ऐकलं? मंग वैनीनं काय डोळे झाकायचे?"

सत्यशीलाच्या ध्यानात आलं, की आता बोललं तर नणंद जिंकली असं होईल आणि दीर तोंडावर पडेल. क्षणभर तिला गप्प बसावंसं वाटलं. साखर चढते हे खरंच होतं, दोनशे अकरा खरंच होते. एवढ्यावर भागलं असतं. आत्या पिशवी घेऊन गेल्या असत्या आणि ती कुणाच्याही नजरेत खोटी ठरली नसती.

तिने हात पदराला पुसले आणि कमरेचा मोबाईल काढला.

"भाऊजी, तुमाला रेघ वाचता येती. ही वाचा आन समद्यांना सांगा."

वाल्मिकने मोबाईल उन्हाच्या आडोशाला धरला. आधी सहज पाहिलं, मग डोळे बारीक केले. "आमच्या भट्टीचा तक्ता असाच असतो," तो म्हणाला. "हे रात्री दहा. एकशे अडतीस. अकराला तेवढंच. बारा, एक, दोन... सपाट. काईच हालचाल न्हाई. साडेतीनला चढायला लागली. पाचला एकशे सत्तर. सातला दोनशे अकरा."

"आदल्या दिवसाची बघा."

त्याने बोटाने सरकवलं. "तशीच. त्याच्या आदल्या दिवशी... तशीच." तो थांबला. "वैनी, गोड खाल्लं असतं तर रेघ एकदम वर गेली असती. हितं तर हळूहळू चढती. रोज त्याच टायमाला."

"आत्या त्या टायमाला झोपलेल्या असत्यात," सत्यशीला म्हणाली. "मी दारात असते, मला म्हाईत हाय. बारा रात्रीत एकदाबी त्या फडताळाकडं गेल्या न्हाईत."

आगटीत एक गोवरी कलंडली. सत्यशीला सासूकडे न बघता बोलत राहिली, नाहीतर तिचं बोलणं तिथेच तुटलं असतं.

"डॉक्टर म्हनले, ही साखर बाहेरनं येत न्हाई, आतनं येती. उजाडायच्या आत माणसाचं अंग उठायच्या तयारीला लागतं. यकृतात साखरेचा साठा असतो, त्यातली थोडी रक्तात सोडतं, म्हंजी उठून कामाला लागायला जोर यावा. तुमच्या-माझ्या अंगातबी रोज पहाटे हे हुतं. आपलं अंग ती जिरवून टाकतं. आत्यांच्या अंगाला तेवढं जमत न्हाई, म्हणून ती रक्तात साचती. त्यांनी रात्री काय खाल्लं, न्हाई खाल्लं, चोरून खाल्लं, त्याच्यावर हे न्हाई."

"मंग उपाशी झोपून..." पंकजा म्हणाली.

"उपाशी झोपून ती थांबत न्हाई. उलट घात हुतो. आत्या नुसत्या ताकावर झोपल्या आन वर गोळी घेतली, तवा तिसऱ्या रात्री साखर बासष्टवर आली. साखर लई उतरली की मोबाईल वाजतो, त्यानं मी उठले. मी दारात त्याच्यासाठी झोपते, आक्का. मोबाईल लांब असला तर वाजत न्हाई."

रंगुबाईच्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

"मी बोलले ते चुकले," सत्यशीला म्हणाली. "तुमाला समद्यांना फोन करून आत्यांना चोर म्हनले. म्हणून समद्यांसमोरच सांगते. आत्यांनी काई खाल्लं न्हाई. काष्टीला जायचं तर त्यांनी जावं. पन चोर म्हणून जाऊ नये."

पंकजाने गाडीत जुळवलेली वाक्यं अजून चार-पाच शिल्लक होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. तिने खाली ठेवलेलं हुरड्याचं पात्र उचललं, बघितलं आणि पुन्हा ठेवलं. ज्या मुलीला तिने वीस वर्षांपूर्वी मन बघून पसंत केलं होतं, ती समोर उभी होती, आणि पंकजाला आपल्या पारखीचा अभिमान वाटावा की आपल्या बोलण्याची लाज, हे ठरेना.

अश्विनी इतका वेळ गप्प होती. घरातली सगळ्यात धाकटी. तिला मध्ये बोलायची सवय नव्हती. पण मनात आलेला प्रश्न तिला ठेवताही येत नव्हता.

"ताई," तिने जावेला विचारलं, "मग लाडू कुणी खाल्ले?"

*

प्रश्न साधा होता, आणि दोन महिन्यांत तो कुणालाच पडला नव्हता.

अजिनाथ काठीने राख सारखी करत होता. सारखी झालेली राख तो पुन्हा सारखी करायला लागला. सेहेचाळीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा गडी, पण आता त्याचे कान शाळेतल्या पोरासारखे लाल झाले होते.

"मीच," तो म्हणाला.

"काय मीच?" सत्यशीलाने विचारलं.

"लाडू. रात्री विहिरीवर मोटार चालू करायला उठायचो. थंडी असायची. येताना एक... कधी दोन."

"अहो, डब्यातले वीस गेले हुते."

"रोज मोटार चालू करावी लागायची," अजिनाथ म्हणाला.

वाल्मिकला हसू आवरेना. तो तोंड फिरवून विहिरीकडे बघायला लागला, पण त्याचे खांदे हलत होते. सत्यशीला मात्र हसली नाही.

"दोन महिने," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन महिने आमी दोघी म्हशीसंगं बोलतोय. तुमी जेवायला बसायचा, उठायचा. एकदा तोंड उघडता आलं न्हाई?"

"पहिल्या दिवशीच सांगायचं हुतं. पन तू फोन करून मोकळी झाली हुती. मंग सांगितलं असतं तर तू खोटी पडली असती. रोज उद्या सांगू म्हनलं आन रोज जास्तच अवघड झालं." तो आईकडे वळला. "आई, चुकलो."

"मला म्हाईत हुतं," रंगुबाई म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिने हातातलं कणीस पोत्यावर ठेवलं.

"डोळ्याला कमी दिसतं, पन लेकाची चाल कळती मला. पहिल्या रातीपास्नं म्हाईत हुतं. डब्याचं झाकान कसं दाबून लावतो तेबी ऐकू यायचं."

"आन तुमी बोलला न्हाईत?" सत्यशीला आता सरळ सासूशी बोलत होती. म्हैस लांब गोठ्यात होती आणि तिची आठवण कुणालाच राहिली नव्हती. "मी तुमाला चोर म्हनले, समद्या घरात सांगितलं, आन तुमाला म्हाईत असून तुमी मला तसंच बोलू दिलं?"

"पोराला बायकोम्होरं कसं उघडं पाडू?"

"एवढंच?"

रंगुबाईला खोटं बोलता आलं असतं. पण ही पोरगी आत्ताच सगळ्यांसमोर उभं राहून आपली चूक कबूल करून बसली होती, आणि रंगुबाईला तिच्यापेक्षा कमी पडायचं नव्हतं.

"न्हाई, एवढंच न्हाई," ती म्हणाली. "मला राग आला हुता. म्हनलं, बोलू दे हिला. आनखी बोलू दे. एक दिवस खरं बाहेर येईल, तवा हिची मान खाली जाईल आन मी बघंन. त्याच्यासाठी मी उपाशी झोपले. डॉक्टरसाठी न्हाई, तुझी मान खाली घालायसाठी."

"आन त्याच्यापायी तुमची साखर बासष्टवर आली," सत्यशीला म्हणाली. "त्या रातीला मला जाग आली नसती म्हंजी?"

"आली ना पन."

"आत्या, तुमी लई हट्टी हाय."

"आन तू लई तोंडाळ हाय."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. हसू कुणाला आधी फुटलं ते पंकजाला नंतर कितीदा आठवूनही सांगता आलं नाही. पण आई हसली की तिचा सगळा देह हलायचा, तो हलायला लागला, आणि सत्यशीला पदराने डोळे पुसत पुसत तिच्या शेजारी बसली. मग वाल्मिकनेही तोंड फिरवायचं सोडलं. अजिनाथ उठून उभा राहिला, कुठे जावं कळेना म्हणून परत बसला.

"याची साखर बघितली का कुनी?" पंकजाने विचारलं. "वीस लाडू खाल्लेला मानूस हाय. आईच्याच पोटचा."

"उद्या सकाळी उपाशीपोटी ह्यांना दवाखान्यात नेते," सत्यशीला म्हणाली. अजिनाथने मुकाट्याने मान डोलावली. त्या दिवशी त्याला कुणी काहीही सांगितलं असतं तरी त्याने मान डोलावली असती.

*

मग खरा हुरडा सुरू झाला. अजिनाथ भाजून देईल तितकी कणसं बाकीचे चोळत होते. सत्यशीलाने गरम दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारून फोलं उडवली आणि ओंजळ सासूपुढे धरली.

रंगुबाईने हात मागे घेतला. "मला कुठं चालतंय. दोन वर्सं झाली."

"मी काल विचारून आले. वाटीभर चालंल. चटनीसंगं, ताकासंगं. गूळ न्हाई, रेवडी न्हाई. आन त्या मापात दुपारची भाकरी अर्धी."

"डॉक्टरला हुरड्याचं विचारलं तू?"

"ते हसले. म्हनले, नगर जिल्ह्यात जानेवारीत समदे पेशंट हेच विचारत्यात."

रंगुबाईने दाणे तोंडात टाकले. कोवळ्या ज्वारीचं दूध जिभेवर फुटलं. ती बराच वेळ चावत राहिली.

"आनखी काय म्हनला डॉक्टर?"

"रात्रीचं जेवन टाळायचं न्हाई. दिवस मावळायच्या सुमारास जेवायचं. जेवल्यावर अर्धा तास चालायचं. संध्याकाळची गोळी कमी केली त्यांनी. झोपताना थोडं इन्शुलिन दिलंय, ते पहाटेची साखर धरून ठेवंल. आठ दिवसांनी पुन्हा दाखवायचं."

"सुई?"

"लई बारीक असती. मी टोचीन."

"तूच टोचशील, दुसरं कोन," रंगुबाई म्हणाली. मग ती आगटीकडे बघत बोलायला लागली. "अठरा हंगाम तीनला उठत हुते मी. थंडीत, पाचटावर झोपलेली पोरं तशीच सोडून. कोयता घेऊन गाडीम्होरं चालायचं. त्याला वीस वर्सं झाली. आन माझं अंग अजून पहाटेच तयारीला लागतं, म्हन."

"समद्यांचंच लागतं, आत्या. डॉक्टर म्हनले ना."

"लागत आसंल. माझं जरा जास्तच लागत आसंल." ती या गोष्टीवर खूश दिसत होती. इतके दिवस जी साखर तिला लाजिरवाणी वाटत होती, तिच्याकडे ती आज एखाद्या जुन्या सोबतिणीकडे बघावं तशी बघत होती. "फड न्हाई, मुकादम न्हाई, आन हे आपलं निघालंय कामाला."

पंकजा आईच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. भरलेली पिशवी ओसरीवर आहे हे तिला माहीत होतं आणि ती आता तिथेच राहणार हेही. गाडीतले दोन कप तिला पुन्हा आठवले.

"मंग मी एकटीच जाऊ का परत?" तिने विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, पण सत्यशीलाने तिच्याकडे पाहिलं.

"आक्का, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पंधरा दिवस जपावं लागतं," सत्यशीला म्हणाली. "थेंब टाकायचे, धूर लागू द्यायचा न्हाई. हितं चूल, गोठा, धूळ. मी म्हनत हुते, ते पंधरा दिवस आत्या तुमच्याकडं राहतील का? तुमचं घर स्वच्छ हाय. आन मला एवढ्या वेळा थेंब टाकायला जमनार न्हाई."

जमलं असतं. तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, की सत्यशीलाला जमलं असतं. पंकजालाही ठाऊक होतं. तिने भावजयीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"सुई कशी टोचायची ते दाखवून ठेव मला," ती म्हणाली. "पंधराचे वीस दिवस झाले तर काय करू?"

"आधी तारीख मिळू दे," वाल्मिक म्हणाला. "आकडा खाली आला पायजे."

"येईल," रंगुबाई म्हणाली. "आता काय, घरातले समदे त्याच्या मागं लागलेत."

*

आकडा एका दिवसात खाली आला नाही. पहिल्या आठवड्यात एकशे नव्वद, एकशे ब्याऐंशी. डॉक्टरांनी दंडावरची चकती बदलली आणि झोपतानाचा डोस किंचित वाढवला. दुसऱ्या आठवड्यात एकशे बासष्ट, मग एक दिवस उगाचच एकशे ऐंशी, तेव्हा दोघी सकाळभर हिरमुसल्या. मग एकशे एक्कावन्न. अजिनाथची साखर एकशे अठरा निघाली. डॉक्टरांनी त्याला सावध राहायला सांगितलं आणि सत्यशीलाने फडताळातले उरलेले लाडू शेजारच्या वस्तीवर वाटून टाकले. रोज सकाळी सात वाजता पंकजाचा काष्टीहून आणि वाल्मिकचा सुप्याहून फोन यायचा. दोघांनाही आधी आकडा लागायचा, बाकी बोलणं मग.

एकविसाव्या दिवशी एकशे अडतीस निघाले. सत्यशीलाने आकडा पुन्हा एकदा बघितला आणि मग नगरला फोन लावला. पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली.

त्या संध्याकाळीही दोघी जेवून रोजच्यासारख्या चालायला निघाल्या. दिवस नुकताच मावळला होता. ज्वारी काढून झाली होती आणि रान मोकळं, लांबपर्यंत दिसणारं झालं होतं. वाटेवर साळूबाईची वस्ती. या दोघींच्या अबोल्याची बातमी साऱ्या शिवारात पोहोचवणारी ती. अबोला सुटल्याची बातमी मात्र तिला उशिरा लागली होती. दोघींना जवळून बघता यावं म्हणून ती बांधापर्यंत चालत आली.

"काय रंगुबाई," तिने विचारलं, "सासूसुनंचं भांडन मिटलं म्हनं."

"कुनी सांगितलं?" रंगुबाई थांबली नाही. चालायचं म्हटल्यावर मध्ये थांबायचं नाही, असं तिला सांगितलं होतं. "मिटलं न्हाई. आदी बसून भांडत हुतो, आता चालत भांडतो."

"आत्या, पाय भराभर उचला," सत्यशीला पुढून म्हणाली.

"बघ, हे असं," रंगुबाईने साळूबाईला सांगितलं, आणि सुनेला गाठायला भराभर पाय उचलले.